नांदेडात बीगल: लाकडी जहाजाचं किट आणि उन्हाळ्यात उघडलेले सांधे

गोदाकाठ (नांदेड), १२ एप्रिल

नमस्कार मंडळी. इथं विमानवाले, रेल्वेवाले बरेच दिसतात. जहाजवाला कुणी असेल म्हणून धागा काढायलोय.

मी एचएमएस बीगल बांधायलोय. डार्विन ज्याच्यावरून फिरला तेच जहाज. १८२० साली वुलिचला पाण्यात उतरलं. आधी दोनच डोलकाठ्या होत्या, तिसरी नंतर चढवली, आणि १८३१ च्या डिसेंबरात डार्विनला घेऊन निघालं ते १८३६ च्या ऑक्टोबरात परत. किट स्पॅनिश, प्रमाण १:६०. प्लायवुडचा कणा, त्याच्यात खाचा करून बसवलेल्या आडव्या फ्रेम, फ्रेमवर दीड मिलिमीटर जाड आणि पाच मिलिमीटर रुंद पट्ट्यांचा पहिला थर, त्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या अक्रोडाच्या पट्ट्यांचा दुसरा थर. दिसतो तो दुसराच.

पहिला थर महालक्ष्म्यांच्या सुमारास पुरा झाला. तेव्हा दोन पट्ट्यांच्या मधे ब्लेड जात नव्हतं. मग कामाची गडबड, जहाज कपाटावर गेलं. मार्च एंड उरकून परवा खाली काढलं तर पुढच्या टोकापासून मागपर्यंत सांधे उघडलेले. आत टॉर्च धरला की पट्टीपट्टीतून उजेड येतोय. गोंद कुठंच सुटलेला नाही. पट्ट्या फ्रेमला घट्ट आहेत, एकमेकींपासून तेवढ्या लांब गेल्यात.

आता वुड फिलर भरून सरळ दुसरा थर सुरू करू का? पुस्तिकेत याच्यावर एक ओळ नाही. खोलीत रात्री कूलर असतो, दिवसा बंद. बाहेर ४२ चाललंय. डेक अजून लावलेला नाही, आत हात जातो.

परभणीकर, १२ एप्रिल

जगात जर्मनी, भारतात परभणी हे ऐकतच मोठा झालो. बंदराचा मान मात्र नांदेडनं नेला म्हणायचा. फोटो टाका ओ आधी.

माळरान (लातूर), १२ एप्रिल

आमच्याकडं २०१६ ला पिण्याचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, आन् तुम्ही शेजारी बसून जहाज बांधायलाव! लै भारी.

फिलर भरा आन् पुढं चला. मी एक मासेमारीची बोट केली होती, एका थराची. सांधे असेच उघडले, लांबी (पुट्टी) भरली, घासली, वरून ऑइलपेंट मारला. आजबी टीव्हीच्या बाजूला उभी आहे.

जुना रंधा (छत्रपती संभाजीनगर), १३ एप्रिल

गोदाकाठ, थांबा. फिलर आत्ता अजिबात भरू नका.

मी वाळूजला फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठी लागणारे लाकडी नमुने, करायचो. ओतकामाच्या पॅटर्नमध्ये अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की कास्टिंग परत येतं, त्यामुळे लाकूड कोणत्या महिन्यात किती हलतं हे अंगात मुरलेलं आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण किटच्या पुस्तिका स्पेन-इटली-डेन्मार्कच्या हवेत लिहिलेल्या असतात आणि आपल्या हवेचा त्यांना पत्ता नसतो.

लाकूड कितीही सुकवलेलं असो, भोवतालच्या हवेप्रमाणे ओलावा घेतं आणि सोडतं. हवेत आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकडात साधारण १६ टक्के ओलावा राहतो. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की तोच ४-५ टक्के होतो. तुमचा भाद्रपद म्हणजे पहिली स्थिती, आत्ताचा चैत्र-वैशाख म्हणजे दुसरी. फरक ११ टक्क्यांचा. किटमधल्या लिंडन, बासवुड जातीच्या लाकडात ओलावा एक टक्का उतरला की रुंदी साधारण ०.३ टक्के कमी होते. लांबीत मात्र जवळपास काहीच फरक पडत नाही. म्हणजे पाच मिलिमीटरची पट्टी भाद्रपदातून वैशाखात येईपर्यंत ०.१५ ते ०.१८ मिलिमीटर आकसली. एका बाजूला बावीस पट्ट्या धरा, साडेतीन मिलिमीटरपर्यंत जागा मोकळी झाली. फ्रेम जागच्या हलल्या नाहीत, म्हणून ती जागा बावीस बारीक फटींत वाटली गेली. तुमच्या हाताचा यात काही दोष नाही. उलट सगळीकडे सारखी फट आहे म्हणजे गोंद नीट लागला आहे.

आता या फटी तुम्ही वैशाखात दगडासारख्या फिलरने गच्च भरल्या, तर श्रावणात पट्ट्या परत फुगतील आणि त्यांना सरकायला जागा उरणार नाही. मग त्या वर उचलतात, आणि त्यांच्यावर अक्रोडाचा अर्ध्या मिलिमीटरचा थर बसलेला असतो. तो फाटतो, नाहीतर लाटांसारखा उठतो. माळरानांची बोट टिकली कारण वर ऑइलपेंटचा जाड थर आहे आणि लांबी थोडी दबते. अक्रोड उघडा ठेवून पॉलिश करायचं असेल तर ते गणित चालत नाही.

माझा सल्ला असा.

डेक नाही हे फार चांगलं आहे. आतून सगळीकडे चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ करून ब्रशने मारा. वाळला की परत एक हात. फ्रेमच्या कोपऱ्यात, कण्याला, सगळीकडे. यामुळे ओलाव्याची ये-जा थांबत नाही, पण तिचा वेग खूप कमी होतो. दीड मिलिमीटरची उघडी पट्टी काही तासांत हवेबरोबर हलते. तुमच्या खोलीत रात्री कूलर, म्हणजे आर्द्रता साठ-सत्तर, आणि दुपारी कूलर बंद, म्हणजे पुन्हा वीस. या रोजच्या ओढाताणीने सांधा जितका खिळखिळा होतो तितका सहा महिन्यांच्या संथ बदलाने होत नाही. जहाज कूलरच्या खोलीतून आजच हलवा.

बाहेरून काही भरू नका. पावसाळा जाऊ द्या. दिवाळीनंतर हवा मधल्या पातळीवर येते, तेव्हा ज्या फटी उरतील त्याच भरा, त्याही त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून. मग घासा आणि दुसरा थर चढवा. मधल्या स्थितीत बांधलेलं जहाज दोन्ही बाजूंना थोडं थोडं हलतं, एकाच बाजूला पूर्ण ताण येत नाही.

माळरान, १३ एप्रिल

काका, सात महिने जहाज नुसतं ठेवायचं? किट आहे का लोणचं?

जुना रंधा, १३ एप्रिल

डोलकाठ्या, आडव्या काठ्या, छोट्या होड्या, तोफांचे गाडे, कप्प्या. जहाजावर हलशिवाय, म्हणजे जहाजाच्या धडाशिवाय, एवढं काम असतं की दिवाळी कधी आली कळणार नाही.

वेंगुर्लेकर, १४ एप्रिल

खऱ्या होडीलाही हाच नियम. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकतात. वर राहून फळ्या सुकतात, फटी पडतात. पाण्यात सोडायच्या आधी त्यात कापूस ठोकून भरतात आणि मग लाकूड पाणी पिऊन फुगतं तसा सांधा आपोआप आवळला जातो. म्हणजे खरं जहाज हा सांधा मुद्दाम ढिला ठेवतं आणि पाण्यावर सोपवतं. मॉडेलला पाणीच मिळत नाही, तिथे सगळा घोळ.

त्या भरलेल्या सांध्याची काळी रेघ मॉडेलवर दाखवायची असेल तर दुसऱ्या थराच्या प्रत्येक पट्टीच्या एका कडेला मऊ शिसपेन्सिल फिरवून मग चिकटवा. दोन्ही कडांना नको, रेघ जाड दिसते. मार्कर तर नकोच, पॉलिशच्या स्पिरिटबरोबर रंग पसरतो.

आणि एक. बीगलच्या पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे होते. १८३१ च्या दुरुस्तीत तिचा कप्तान फिट्झरॉय याने तळाला दोन इंच जाड फळ्यांचा आणखी एक थर, त्यावर नमदा आणि त्यावर नवं तांबं लावून घेतलं होतं. लाकूड पोखरणारा किडा आणि शेवाळ यांच्यापासून बचाव. तेव्हा पाणरेषेखाली तुमचा दुसरा थर देखणा नसला तरी चालेल, तो झाकलाच जाणार. खरा पत्रा साधारण चार फूट लांब आणि चौदा इंच रुंद असायचा. १:६० ला तो २० बाय ६ मिलिमीटर येतो.

गोदाकाठ, १४ एप्रिल

रंधा काका, एवढं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. जहाज बैठकीच्या खोलीत नेलंय, तिथं कूलर नाही. चपडा लाख वजिराबादेतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळाली. दुकानदारानं "दरवाजे कितीयत?" विचारलं. मी "एक जहाज आहे" म्हणालो तर हिशोबाच्या वहीत तसंच लिहून घेतलं.

वेंगुर्लेकर, तांब्याचं किटमध्ये नाही, वेगळं करावं लागेल. त्या भागावर कॉपर टेप चालेल का?

वेंगुर्लेकर, १४ एप्रिल

चालेल. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे मागून चिकट असलेली मिळते. सहा मिलिमीटर रुंद घ्या म्हणजे नुसती आडवी कापायची. मागच्या टोकापासून पुढे आणि खालून वर लावत या, म्हणजे पुढचा तुकडा मागच्यावर चढतो आणि पाणी कडेत शिरत नाही. तुमच्या जहाजाला पाणी लागणार नाही, पण बघणाऱ्याला कळतं. वर वार्निश मारू नका, तांबं आपोआप काळपट होऊ द्या. आमच्या खाऱ्या हवेत लवकर होतं, तुमच्याकडे वेळ लागेल.

अंबाडी (हिंगोली), १६ एप्रिल

जहाजातलं मला काही कळत नाही, दोराचं कळतं. आमचे आजोबा पोळ्याच्या आधी अंबाडीचं चऱ्हाट, कासरे, दावे घरीच वळायचे. तुमच्या फोटोत किटचा जो दोरा दिसतोय त्याच्यावर कूस आलीय, जवळून बघितला की सुतळीवानी दिसतो. असा दोरा कशाला लावता? वळून घ्या की.

तीन धागे घ्या. प्रत्येकाला एकाच दिशेनं पीळ द्या, गच्च. मग तिन्ही एकत्र धरून उलट्या दिशेनं पीळ द्या. आतला पीळ सुटायला बघतो, बाहेरचा त्याला सुटू देत नाही, म्हणून दोर उलगडत नाही. आजोबा अंगणात दोन टोकांना दोन माणसं उभी करायचे, तुम्ही एका टोकाला ड्रिल मशिन लावा. तीन धाग्यांच्या मधे तीन खाचांची लाकडी गोळी धरून हळूहळू सरकवली की पीळ सारखा बसतो. पीळ दिल्यावर लांबी कमी होते, तेवढी आधीच धरा.

धागा टेलरकडचा पॉलिएस्टरचा. सुती घेऊ नका, पावसाळ्यात ताणतो नि उन्हाळ्यात सैल पडतो.

जुना रंधा, १६ एप्रिल

अंबाडी, हे सोन्यासारखं लिहिलंत. फक्त एक दुरुस्ती. सुती दोर ओला झाला की फुगून आखूड होतो, म्हणजे पावसाळ्यात तो घट्ट होतो आणि कोरड्यात ढिला. परिणाम तोच, डोलकाठी वाकते. पॉलिएस्टर बरोबर. वळून झाल्यावर मधाच्या पोळ्याच्या मेणावरून ओढून घ्या, कूस बसते.

स्थिर दोर, म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे, काळे करायचे. खऱ्या जहाजावर त्यांना डांबर लावायचे. शिडं वरखाली करणारे चालते दोर फिक्या तपकिरी रंगाचे. हे उलटं झालेलं मॉडेल लांबूनच ओळखू येतं.

बाजूच्या दोरांवर चढायला ज्या आडव्या दोऱ्या असतात त्या १:६० ला सुमारे सहा मिलिमीटरवर येतात. मागे सहा मिलिमीटरच्या रेघा आखलेला कागद लावा आणि रेघ पाहून गाठी मारा. गाठ मारताना दोन्ही बाजूंचे दोर आत ओढले जाता कामा नयेत, नाहीतर सगळं डमरू होतं. एक ओळ खालून, एक वरून, अशी मधे या.

तेरणा (धाराशिव), १९ एप्रिल

मी इतिहास शिकवते, हातात करवत कधी धरली नाही. पण "मराठवाड्यात जहाज कशाला" हा सूर इथे दोन-तीनदा आला म्हणून लिहिते.

पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही दोन गावं येतात. तगर म्हणजे आमचं तेर. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, आणि दोन्हीकडचा माल गाड्यांनी भडोचच्या बंदरात जायचा. तगरहून कापड, पैठणहून मौल्यवान दगड. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या व्यापाराच्या खुणा आजही बघता येतात. समुद्र दूर होता, जहाजं दूर नव्हती.

आणि अजिंठ्याची दुसरी लेणी. तिथल्या भित्तिचित्रात जहाज आहे, तीन डोलकाठ्यांचं, दोन्ही टोकं उंच उचललेलं. पाचव्या शतकातलं. त्याच चित्रावरून नौदलाने आयएनएसव्ही कौंडिण्य हे शिवलेल्या फळ्यांचं जहाज करवून घेतलं. मे २०२५ मध्ये ते कारवारला नौदलात आलं आणि डिसेंबरात पोरबंदरहून निघून जानेवारीत मस्कतला पोचलं. एकही खिळा नाही, फळ्या काथ्याच्या दोराने शिवलेल्या.

गोदाकाठ दादा, बीगल झाल्यावर हे का नाही करत? ब्रिटिश जहाजाचं एवढं कौतुक आपण करतो, आपल्याच मराठवाड्यातलं चित्र पडून आहे.

माळरान, १९ एप्रिल

ताई, आता कसं! सगळे परदेशी जहाजं बांधायलेत. अजिंठ्याचं झालं तर मी पहिलं बघायला येणार.

गोदाकाठ, २० एप्रिल

तेरणा ताई, मनात आहे. पण किट आणि चित्र यांत फार अंतर आहे. किटमध्ये प्रत्येक फ्रेम लेसरनं कापलेली येते, आकाराचा विचार दुसऱ्यानं करून ठेवलेला असतो. चित्रात जहाज एका बाजूनं दिसतं. तळ किती गोल, मधे रुंदी किती, आत फ्रेम कुठं, हे भिंत सांगत नाही. कौंडिण्यच्या वेळी नौदलालासुद्धा आराखडा शून्यातून करावा लागला, आयआयटी मद्रासमध्ये मॉडेलच्या चाचण्या घ्याव्या लागल्या. मी एकटा करणार म्हणजे अंदाजावर अंदाज.

आणि ब्रिटिश जहाज म्हणून हिणवू नका ओ. इंग्लंडात हार्टलपूलला जे एचएमएस ट्रिंकोमाली अजून पाण्यावर उभं आहे ते १८१७ ला मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं. तेही आपलंच की.

तेरणा, २० एप्रिल

हिणवत नाही हो. पण अंदाजावर अंदाज हेच तर आम्ही इतिहासवाले रोज करतो. कौंडिण्य सुमारे १९.६ मीटर लांब आणि ६.५ मीटर रुंद आहे. तुम्हाला निदान दोन माप मिळाली. अजिंठ्याचं ते चित्र नीट बघायला दुपारच्या आधी जा, आणि सोबत दुर्बीण न्या. लेणीत फ्लॅश चालत नाही.

जुना रंधा, २१ एप्रिल

१:५० ला ३९ सेंटिमीटर लांब, १३ रुंद. टेबलावर मावतं. शिवलेल्या फळ्यांचं असल्यामुळे आपल्या हवेत ते कदाचित जास्त बरं वागेल, शिवण थोडी हलू देते. पण पट्टी दीड मिलिमीटरची नको, किमान तीन हवी, नाहीतर भोकं पाडताना चिरते. पुढच्या टोकाच्या आतला भरीव ठोकळा पांगाऱ्याचा घ्या. हलका असतो, पटाशीला लोण्यासारखा चालतो. सावंतवाडीची खेळणी त्याचीच करायचे.

कोरीपाटी (जालना), २३ एप्रिल

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मलाही करायचंय. पहिलं किट कोणतं घेऊ? बाहेरून मागवलं तर कस्टमचं काय?

जुना रंधा, २३ एप्रिल

पहिल्यांदा तीन डोलकाठ्यांच्या वाटेला जाऊ नका. एका डोलकाठीची बोट घ्या, तोफा नसलेली, टोक फार गोल नसलेली. गोल टोकावर पट्ट्या वळवणं हेच सगळ्यात अवघड.

कस्टमचं ऐकून घ्या. मॉडेलची किटं खेळण्यांच्याच शीर्षकात मोडतात. त्यावरचं मूळ सीमाशुल्क २०२० ला २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ ला ७० वर. वर जीएसटी आणि कुरियरवाल्याचा आकार. किंमत बरीच चढू शकते, म्हणून मागवायच्या आधी सध्याचा दर विचारून घ्या. म्हणून पहिलं किट देशातल्या कुणा हौशी माणसानं अर्धवट सोडलेलं मिळालं तर बघा. बरेच लोक पट्ट्या लावायला आले की सोडतात.

पट्ट्या निमुळत्या करायचं गणित आत्ताच लिहून ठेवा. मधल्या फ्रेमवर कागदाची पट्टी गुंडाळून डेकपासून कण्यापर्यंत अंतर मोजा. समजा ११० मिलिमीटर आलं. पाचच्या पट्ट्या, म्हणजे २२ लागतील. आता पुढच्या टोकाला तेच अंतर मोजा. तिथे ६६ आलं तर ६६ भागिले २२, तीन. म्हणजे प्रत्येक पट्टी टोकाला तीन मिलिमीटरपर्यंत निमुळती करायची. उत्तर अडीचच्या खाली आलं, म्हणजे पट्टीच्या निम्म्याहून कमी, तर पट्टी टोकाला चिरते. तिथे दोन पट्ट्यांच्या जागी एक आणून बसवावी. एक डावीकडे, एक उजवीकडे असंच लावत जायचं. एका बाजूच्या चार लावल्या आणि दुसरी रिकामी ठेवली की कणा पिळतो, आणि पिळलेला कणा नंतर सरळ होत नाही.

पट्टी वाकवायला पाण्यात भिजवून गरम इस्त्रीच्या टोकावरून ओढायची. केस सरळ करायचं मशिन घरात असेल तर त्याहून उत्तम, घरातल्या मंडळींना विचारून घ्या. भिजवायला बोअरचं पाणी घेऊ नका, अक्रोडावर क्षाराचे पांढरे डाग राहतात. जारचं पाणी घ्या.

परभणीकर, २३ एप्रिल

काका, फेविक्विकचं एक विचारायचं होतं. आमच्याकडं उन्हाळ्यात ते लवकर धरतच नाही. बाटली जुनी म्हणावी तर तीच पावसात लगेच धरते.

जुना रंधा, २४ एप्रिल

बाटली बरोबर आहे. ते हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं. कोरड्या हवेत वेळ घेतं. सांध्यावर तोंडाची वाफ सोडा, मग लावा. पट्ट्यांना मात्र फेविकॉलच, हलवून नीट बसवायला वेळ मिळतो.

गोदाकाठ, २ मे

आतून लाखेचे दोन हात झाले. जहाज बैठकीच्या खोलीत आल्यापासून फटी वाढल्या नाहीत, तिथंच थांबल्यात. बाहेरून काही भरलं नाही. दुसरा थर दिवाळीनंतर.

अक्रोडाच्या पातळ पट्ट्या फेविकॉलनं लावायच्या का कॉन्टॅक्ट सोल्युशननं, एवढं एक राहिलं. आणि डोलकाठ्या आजपासून सुरू करायलोय. आठ मिलिमीटरची गोल काठी आहे, वर साडेचारवर न्यायचीय. लेथ नाही.

जुना रंधा, २ मे

पातळ पट्टी फेविकॉलचं पाणी पिऊन रुंद होते, वाळली की आकसते आणि परत फट. म्हणून पट्टीच्या मागे आणि हलवर, दोन्हीकडे फेविकॉल लावून पूर्ण वाळू द्या. मग पट्टी जागेवर ठेवून वरून मंद इस्त्री दाबा. वाळलेला फेविकॉल उष्णतेने मऊ होऊन धरतो, पाण्याचा प्रश्नच येत नाही. कॉन्टॅक्टवालं सोल्युशनही चालतं, पण ते टेकलं की हलवता येत नाही.

काठी ड्रिलमध्ये एका टोकाला धरा, दुसरं टोक कापडात सैल पकडा, आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर मागेपुढे फिरवा. आधी रंध्याने चौकोनी, मग अष्टकोनी निमुळती करून घेतली तर घासायला कमी राहतं. आणि सुरू करायच्या आधी काठी काचेवर लोळवून बघा. उड्या मारत लोळली तर बदलून घ्या.